पुस्तकांचा दरवाजा कसा उघडला ?



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही ठरवले की पुस्तकांचाच इतिहास लिहावा. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कापड गिरणीत रात्रपाळीला, मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. आज सूर्यमाळचा पोरगा तीच पुस्तके मोबाईलवर फुकट वाचतो. पण हे काय एका दिवसात झाले नाही.

महात्मा फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला 1979 साल उजाडले. म्हणजे 124 वर्षे ! 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण पचले नाही, म्हणून परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारले तेव्हा आपल्या माणसांनी छापखाना धरला, हे विसरून चालणार नाही.

पुढे 1969 साली फुल्यांचे समग्र वाङ्मय शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले. 1979 पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे इंग्रजी खंड येऊ लागले. किंमत कमी, पण हवा तो खंड हवा तेव्हा मिळेलच असे नसे. 2021 साली रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आता हे ग्रंथ शासनाच्या संकेतस्थळांवर आहेत. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्यानेही ते 1936 चे भाषण इंटरनेटवर ठेवले आहे.

यात कायदाही समजून घ्यावा. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतो, मग पुस्तक सर्वांचे होते. बाबासाहेबांनी हयातीत छापलेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून असे मोकळे झाले. भाषांतराचा हक्क मात्र वेगळा. अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले, म्हणजे त्यांची 'फकिरा' 2030 साली मोकळी होईल. वारल्यांच्या लढ्यावरचे गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे तर आपल्याच मुलखाचे पुस्तक. पण गोदावरीबाई 1996 साली गेल्या, म्हणून ते विकतच घ्यावे. चोरून केलेली प्रत पुढे ढकलू नये.

आता खरा प्रश्न. दरवाजा उघडला, पण आत जातो कोण ? मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने कोणीही काहीही वाक्य फिरवतो, आणि आपण खातरजमा न करता पुढे पाठवतो. ज्यांनी एकेक आधार तपासून लिहिले, त्यांच्या नावावर खोटे खपवायचे, हा त्यांचा अपमान नव्हे काय ?

रेंज नाही ही सबब आम्हाला मान्य नाही. मोखाड्याला गेलेल्या पोराने एकदा पुस्तक उतरवून घेतले की इथे रेंज लागत नाही. म्हणून आमची सूचना अशी : दर पौर्णिमेला वंदनेनंतर एका तरुणाने दहा पाने मोठ्याने वाचावीत. ज्या आयाबायांना अक्षर येत नाही त्यांनी ऐकावे, आणि अडेल तिथे बिनधास्त विचारावे. आम्हीही गिरणीत असेच ऐकत ऐकत वाचक झालो.

जयभीम ! नमो बुद्धाय !