लिंगओळख-समावेशक व्यायामगृहे
पारलिंगी व नॉनबायनरी विद्यार्थ्यांना आपल्या लिंगओळखीसह निर्धास्तपणे व्यायाम करता यावा, यासाठी महाविद्यालयांनी राखलेल्या जागा वा वेळा. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ही सोय आढळते. खरी अडचण बहुधा यंत्रांपाशी नसतेच. ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ अशा दोनच पाट्या लावलेल्या कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या दाराशी ती सुरू होते. म्हणून एकाच व्यक्तीपुरती, आतून कडी लावता येणारी, शॉवर असलेली खोली हा या सोयीचा गाभा. काही ठिकाणी पोहण्याचा तलावही ठरावीक वेळी राखून ठेवतात. प्रशिक्षकालाही माहिती लागते : छाती सपाट दिसावी म्हणून घातलेल्या घट्ट ‘बाइंडर’मुळे श्वास पुरेसा भरत नाही, म्हणून दमछाक करणाऱ्या व्यायामात तो टाळण्याचा सल्ला देतात. पण तो काढून चारचौघांत धावणे अनेकांना नकोसे होते. अशा वेळी उपदेशापेक्षा ढगळ सदऱ्याला मुभा देणारा नियम अधिक कामाचा. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्याने सरकारी महाविद्यालयांतील कपडे बदलण्याच्या सामायिक खोल्यांचा वापर जन्मवेळच्या लिंगाशी बांधला. एकेका व्यक्तीने वापरायच्या खोल्या मात्र त्यातही चालतात.