कावेरी त्रिभुज प्रदेशातील संरक्षित कृषी क्षेत्र: तुमच्या शेतजमिनीजवळ कोणता प्रकल्प येऊ शकतो आणि हरकत कुठे घ्यायची

तंजावर जिल्ह्यात तुमच्या नावावर पट्टा (महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा जमिनीचा दाखला) असेल, तुम्ही दुसऱ्याची जमीन कसत असाल किंवा भातलावणीच्या मजुरीवर तुमचे घर चालत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमिनीच्या नोंदीवर मिळतात. मजुराला ते मिळत नाहीत, पण त्याचा रोजगार त्याच शेतावर अवलंबून असतो. म्हणून शेताशेजारी काय उभे राहणार, हा प्रश्न दोघांचाही आहे.

संरक्षित कृषी क्षेत्र म्हणजे काय?

तमिळनाडू विधानसभेने फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा मंजूर केला. तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिणम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुकोट्टै जिल्ह्यांतील काही तालुका-गट त्यात आले. या क्षेत्रात तेल व नैसर्गिक वायूसाठी नवीन खोदकाम, कोळशाच्या थरातील मिथेन काढणे, जस्त, तांबे व ॲल्युमिनियम वितळवण्याचे कारखाने, स्पंज आयर्न आणि चामडे कमावण्याचे कारखाने यांना मनाई आहे.

पर्यावरण मंजुरी असताना वेगळा कायदा कशाला?

मोठ्या प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्याआधी पर्यावरणीय आघात मूल्यांकन होते, म्हणजे प्रकल्पामुळे पाणी, हवा, जमीन आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अभ्यास. पण हा अभ्यास एकेका प्रकल्पाचा असतो आणि जागा ठरल्यानंतर होतो. एका विहिरीचा अहवाल त्या विहिरीपुरता बोलतो. अशा पन्नास विहिरी झाल्या तर कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताचे काय होईल, हे त्यातून क्वचितच कळते. कोणत्या भागात काय चालेल हे जमीन वापराचा आराखडा ठरवतो, आणि आराखड्याला स्वतःला ही मंजुरी घ्यावी लागत नाही.

तंजावरमध्ये हा फरक लोकांनी अनुभवला. २०१७ मध्ये पुदुकोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल आणि तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेल व वायूच्या कामांविरुद्ध आंदोलने झाली. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी केंद्राने अधिसूचना बदलली. तेल व वायूच्या शोधासाठीचे खोदकाम 'बी-२' या वर्गात गेले, आणि या वर्गात जनसुनावणी होत नाही. प्रत्यक्ष उत्पादनासाठी ती कायम राहिली. मात्र शोध पूर्ण होऊन विहीर तयार झाल्यावर नकार देणे किती अवघड होते, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर पुढच्याच महिन्यात वरील राज्य कायदा आला. सुनावणीची एक संधी गेली, पण कोणत्या भागात काय चालेल हे आधीच ठरवण्याची वाट उघडली.

तिचा उपयोग २०२३ मध्ये दिसला. कोळसा खाणींच्या केंद्रीय लिलाव यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरी गट होता, शिवाय मायकेलपट्टी आणि सेतियातोप्पूच्या पूर्वेकडील गटही होता. राज्याने संरक्षित क्षेत्राचा आधार घेऊन आक्षेप घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये हे तिन्ही गट वगळण्यात आले. आघात मूल्यांकनाची वेळच आली नाही.

या कायद्याने काय थांबत नाही?

कायद्यापूर्वी सुरू असलेली कामे यामुळे बंद होत नाहीत. रस्ते, बंदरे, वाहिन्या, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या कामांनाही तो आड येत नाही. शेतातून वाहिनी किंवा बाह्यवळण रस्ता जाणार असेल तर "आपले क्षेत्र संरक्षित आहे" एवढ्यावर विसंबू नका.

जनसुनावणी जाहीर झाली तर

सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. मसुदा अहवाल आणि त्याचा स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व स्थानिक स्वराज्य संस्थेत पाहता येतो. तो सुनावणीच्या आधी वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. पाण्याचा भाग विशेष पाहा: किती पाणी उपसणार, सांडपाणी कोणत्या ओढ्यात किंवा कालव्यात जाणार, आणि तुमच्या गावाचे नाव अहवालात आहे का.

सुनावणी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी घेतो. तिचे चित्रीकरण होते. बोलण्यासाठी जमिनीचा मालक असण्याची अट नाही, त्यामुळे मजूर, कूळ आणि मासेमार यांनीही बोलावे. गर्दीत बोलायला संकोच वाटत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी म्हणणे द्या आणि पोच घ्या. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते. तुमचा मुद्दा राहिला असेल तर त्याच वेळी सांगा, कारण निर्णय घेणाऱ्या समितीपुढे हेच कागद जातात.

मंजुरी मिळालीच तर आदेशापासून ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. सबळ कारण असल्यास न्यायाधिकरण आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकते. तंजावरसाठी चेन्नईचे आणि महाराष्ट्रासाठी पुण्याचे खंडपीठ आहे.

जमीन संपादित होणार असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील सामाजिक परिणामांचा अभ्यास वेगळा असतो. तिथे तीन वर्षांपासून त्या जमिनीवर राबणारे शेतमजूर आणि कूळही बाधित कुटुंबात मोडतात. गणनेच्या वेळी नाव लावून घ्या.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

असेच उदाहरण पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचे आहे. जून १९९१ मध्ये केंद्राने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमिनीची मर्यादा घातली. इतर तालुक्यांत प्रादेशिक किंवा विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते. नकाशात आपला गट क्रमांक शोधा आणि त्यावर कोणता विभाग दाखवला आहे ते पाहा. शेती विभागाऐवजी औद्योगिक विभाग दिसला तर हरकत तेव्हाच, लेखी, मुदतीच्या आत नोंदवा. अर्जात गट क्रमांक, गाव आणि सध्याचे पीक लिहा.