आईची जमीन, मामूची राखण

सुमात्रा बेटाच्या पश्चिम अंगाला डोंगरांची एक लांब ओळ आहे. त्यातल्या मारापी नावाच्या जागृत ज्वालामुखीच्या उतारावर पारिआंगान हे गाव वसलेलं आहे. राखेनं सकस झालेली माती, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, मशिदीजवळ गरम पाण्याचे झरे, आणि छपराची दोन्ही टोकं रेड्याच्या शिंगांसारखी आभाळात गेलेली लाकडी घरं. मिनांगकाबाऊ लोक या गावाला आपलं मूळ गाव मानतात. मी तिथे गेलेली नाही. पण शाळेत वारसाहक्काचा विषय निघाला आणि एखाद्या मुलीनं 'मॅडम, बहिणीचा हिस्सा खरंच देतात का?' असं विचारलं की मला या डोंगराची आठवण येते.

कारण इथे शेतजमीन आईकडून मुलीकडे जाते. घरही मुलीचंच. लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी येतो, आणि त्या घरात त्याची जागा सन्मानाच्या पाहुण्याची असते. जळक्या खुंटावरच्या राखेची उपमा त्याला देतात: फुंकर मारली की उडाली. तलाक झाला तर घराबाहेर पडतो तो पुरुष. बायको आणि मुलं जिथे होती तिथेच राहतात, आईच्या छपराखाली, आईच्या भातावर. आपल्याकडे तलाकनंतर बाई लेकरं घेऊन कुठे जाणार, हा पहिला प्रश्न असतो. पारिआंगानमध्ये तो प्रश्नच वेगळा होतो.

हा समाज मुसलमान आहे, आणि नावापुरता नव्हे. 2020 च्या जनगणनेत पश्चिम सुमात्रा प्रांताची लोकसंख्या सुमारे 55 लाख होती आणि त्यात मोठा वाटा मिनांगकाबाऊंचा. जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज म्हणून त्यांचा उल्लेख होतो. इंडोनेशियाला त्यांनी आलिम दिले, संपादक दिले, मोहम्मद हट्टांसारखा पहिला उपराष्ट्राध्यक्ष दिला. मग कुरआनात वारसाचे हिस्से स्पष्ट सांगितलेले असताना ही रीत टिकली कशी? या प्रश्नावर त्या डोंगरात दोनशे वर्षं वाद झाला आहे, आणि एकदा रक्तही सांडलं आहे.

आधी जमिनीची व्यवस्था समजून घेऊ. प्रत्येक माणूस आईच्या कुळाचा. कुळाला 'सुकू' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनीला 'पुसाको तिंग्गी' म्हणतात, म्हणजे वरची, थोर वारशाची मालमत्ता. ती कोणा एका बाईच्या नावावर नसते, ती एका आजीच्या सगळ्या लेकीनातींची असते. खाचरं बहिणींमध्ये कसायला वाटून दिलेली असतात, काही घरांत पाळीपाळीनं. राखणदार असतो आईचा भाऊ, 'मामाक'. आपल्या दखनी कानाला हा शब्द लगेच 'मामू' सारखा लागतो, आणि नातंही तेच. मामाकनं भाच्यांच्या जमिनीवर लक्ष ठेवायचं, भाच्यांची लग्नं पाहायची, गावच्या पंचायतीत कुळाच्या वतीनं बोलायचं. स्वतःच्या बायकोच्या जमिनीवर त्याचा हक्क नाही, तिथे बायकोचा भाऊ मामाक असतो.

ही जमीन विकता येत नाही. गहाण टाकायची तर रूढीनं चारच कारणं मानली आहेत: घरात मयत पडली आहे आणि दफनाला पैसे नाहीत, वयात आलेल्या मुलीचं लग्न अडलं आहे, कुळाचं मोठं घर गळतं आहे, कुळप्रमुखाचं पद रिकामं आहे आणि तो समारंभ करायचा आहे. मुलाला धंदा काढून द्यायचा हे कारण यादीत नाही. यादी फार शहाणपणाची आहे, पण निर्दयही आहे. कारण ज्या घरात सहा मुलगे आहेत आणि मुलगी एकही नाही, ते घर मिनांगकाबाऊ भाषेत 'पुनाह' ठरतं, म्हणजे वंश संपला. सहा धडधाकट मुलगे असूनही.

मुलग्यांनी करायचं काय? लहानपणी ते रात्री आईच्या घरी झोपतसुद्धा नसत. 'सुराऊ' म्हणजे छोटी मशीद आणि मदरसा, तिथे त्यांची पथारी असे. कुरआन तिथे, वादविवाद तिथे, सिलात म्हणजे मर्दानी खेळही तिथेच. मोठं झालं की गाव सोडायचं. या देशांतराला 'मरांताऊ' म्हणतात. इंडोनेशियाच्या जवळजवळ प्रत्येक शहरात 'पाडांग' खाणावळ दिसते, ती या गाव सोडलेल्या मुलांची करामत. जमीन बहिणीला ठेवून भाऊ बाहेर पडला, आणि बाहेर पडल्यामुळे शिकला. मक्केला जाणारेही हेच, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

1803 च्या सुमारास तीन हाजी मक्केहून परत आले. हाजी मिस्किन त्यांतले एक. हिजाजमध्ये तेव्हा वहाबी चळवळ जोरात होती आणि तिची छाप त्यांच्यावर पडली होती. कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, दारू, अफू यांच्याविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. या चळवळीला इतिहासात 'पादरी' म्हणतात; नावावरून गैरसमज नको, चर्चशी त्यांचा संबंध नाही. समजावणीनं सुरू झालेली गोष्ट लवकरच तलवारीवर गेली. गावं जाळली गेली, राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली. रूढीच्या बाजूचे सरदार घाबरून डचांकडे गेले आणि फेब्रुवारी 1821 मध्ये त्यांनी करार करून प्रदेशच डचांच्या हवाली केला. सुधारणेच्या घाईनं आणि गादीच्या भीतीनं मिळून परक्याला दार उघडलं, असं मला वाटतं. एकाच बाजूला दोष देणारे मला पटत नाहीत.

पादरींचे सर्वांत प्रसिद्ध नेते इमाम बोंजोल. त्यांच्या आठवणी लिहून ठेवलेल्या आहेत आणि त्यांत एक प्रसंग येतो. वहाबींची सत्ता मक्केत पडली आणि तिथले नियम बदलले, ही बातमी त्यांच्याच माणसांनी हजहून आणली. त्यावर इमाम बोंजोल यांनी लुटीचा माल ज्याचा त्याला परत केला, रूढीच्या प्रमुखांना त्यांचे अधिकार परत दिले. विजयाच्या काळात सेनापतीनं लूट परत केल्याची उदाहरणं इतिहासात किती सापडतील? त्यानंतर दोन्ही बाजू डचांविरुद्ध एकत्र आल्या, पण उशीर झाला होता. 1837 मध्ये बोंजोल पडलं. इमाम पकडले गेले आणि 1864 मध्ये मानाडोजवळ हद्दपारीतच वारले. 'रूढी शरियतवर टेकते, शरियत अल्लाहच्या किताबवर' हे मिनांगकाबाऊ समाजाचं आजचं सूत्र याच लढाईच्या काळातून आलं असं मानतात. जमीन मात्र त्या सूत्राखालीही आईकडून लेकीकडेच जात राहिली.

डचांनी 1833 मध्ये जाहीरनामा काढून वचन दिलं होतं की कर लावणार नाही, गावांच्या कारभारात हात घालणार नाही. मग 1847 पासून सक्तीची कॉफी आली. झाडं लावायची, बिया सरकारी गोदामात ठरलेल्या भावानं घालायच्या. बिया हातच्या गेल्यामुळे लोक कॉफीची पानं भाजून त्यांचा काढा पिऊ लागले. त्याला आजही 'कावा' म्हणतात, आपला कहवाच तो. 1908 मध्ये सक्तीची कॉफी गेली आणि वचन मोडून रोकड कर आला. त्यावर कामांग आणि मांगोपोहमध्ये बंड झालं. मांगोपोहच्या बंडात सिती नावाची बाई पुढे होती. बाईच्या नावानं चाललेल्या जमिनीवर कर बसला तर बाईनं उठणं स्वाभाविकच म्हणायचं.

कॉफीच्या सक्तीच्या त्याच 1847 साली आपल्या मुंबईत एक खटला निकालात निघाला. खोजा समाजातल्या मुलींनी कुरआनप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजात मुलींना हिस्सा न देण्याची रूढी आहे आणि रूढीच चालेल. मेमन समाजाबाबतही असाच निर्णय झाला. कच्छी मेमनांना वारशासाठी शरियत सक्तीनं लागू व्हायला 1938 उजाडलं. 1937 च्या शरियत कायद्यातून तर शेतजमीन वगळली होती. मद्राससारख्या काही प्रांतांनी नंतर दुरुस्ती केली. म्हणजे मुंबईत रूढीनं मुलीचा कुरआनी हिस्सा खाल्ला, तर मारापीच्या उतारावर रूढीनं मुलीला कुरआनी हिश्शाहून जास्त दिलं. 'रूढी विरुद्ध शरियत' असं सरळ भांडण लावणाऱ्यांनी ही दोन गावं शेजारी ठेवून पाहावीत.

मिनांगकाबाऊच्या रीतीवर सर्वांत कडक हल्ला त्यांच्याच मुलानं केला. अहमद खातिब 1860 मध्ये जन्मले, तरुणपणी मक्केला गेले आणि हरममध्ये शाफई मस्लकचे इमाम झाले. इंडोनेशियातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांचे, मुहम्मदिया आणि नहदतुल उलमाचे, संस्थापक त्यांचे शागिर्द. अहमद खातिब यांनी लिहिलं की भाच्यांनी खाल्लेली ही मालमत्ता म्हणजे यतीमांचा बळकावलेला हक्क आहे. 1916 मध्ये ते मक्केतच वारले, गावी परतले नाहीत.

पण त्यांचेच आणखी एक शागिर्द, मानिंजाऊ सरोवराकाठचे हाजी रसूल, वेगळ्या वाटेनं गेले. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा रसूलुल्लाह यांनी सल्ला दिला होता की मूळ जमीन राखावी आणि तिचं उत्पन्न द्यावं. ती विकली जाणार नाही, वारशातही जाणार नाही. वक्फचा पाया इथे आहे. हाजी रसूल यांनी म्हटलं, पुसाको तिंग्गी अशीच आहे. मेलेला माणूस तिचा मालक नव्हताच, मग फराइज लावायचे कशाला? स्वतः कमावलेल्या मालमत्तेला मात्र फराइज लावलेच पाहिजेत. मला हा युक्तिवाद आवडतो, कारण त्यात पळवाट नाही. बापाच्या कमाईवर मुलांचा हक्क त्यानं परत आणला आणि आजीच्या जमिनीवरचं बाईचं छप्पर काढलं नाही. 1952 मध्ये बुकित्तिंग्गीला उलेमा, कुळप्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि जवळजवळ हीच वाटणी मान्य झाली. 1968 मध्ये पाडांगच्या चर्चासत्रात तीच पुढे नेली गेली.

हाजी रसूल यांचा मुलगा हमका मात्र या समाजावर रुसलेलाच राहिला. 1938 च्या आपल्या कादंबरीत त्यांनी असा तरुण उभा केला ज्याची आई मिनांगकाबाऊ नाही. बापाच्या गावात तो परका, कारण आईच नाही तर कूळ नाही आणि कूळ नाही तर जमीनही नाही. मुलीला सगळं देणाऱ्या रीतीत दुखावलं कोण जातं, हे कादंबरी वाचल्याशिवाय कळत नाही.

इथे आपल्याकडच्या कागदाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. बाप वारला की भाऊ बहिणींना तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीण सही करते, कारण ईदला माहेरचं दार उघडं राहावं. माझ्या फुफीनंही केली होती. शरियत तिला भावाच्या निम्मा हिस्सा देते, कायदाही देतो, आणि तिनं घेतलं काय, तर दर ईदला एक साडी. मिनांगकाबाऊ बाईला माहेरसाठी सही करावी लागत नाही, कारण तिचं माहेर तिच्याच पायाखाली असतं.

आता त्या जमिनीचं पुढे काय? 1960 च्या जमीन कायद्यानं इंडोनेशियात मालकी हक्काचं प्रमाणपत्र आलं. पूर्ण मालकी फक्त नागरिकालाच घेता येते, परदेशी माणसाला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यानं म्हटलं की सात वर्षं गहाण राहिलेली शेती पैसे न घेता परत द्यावी. मिनांगकाबाऊ रीतीत गहाणाला मुदतच नाही; आजीनं गहाण टाकलेलं खाचर नातीनं सोडवलं तरी चालतं, पण पैसे देऊन. प्रमाणपत्र करायचं तर नाव कोणाचं? मामाकचं एकट्याचं लिहिलं तर उद्या तो ती जमीन आपल्या मुलांना देईल, आणि त्याची मुलं दुसऱ्या कुळाची. सगळ्या बहिणींचं लिहिलं तर यादी लांबते आणि बँक अशा जमिनीवर कर्ज द्यायला नाखूश असते. पाडांग ते पेकानबारू द्रुतगती महामार्गाचं काम 2018 मध्ये सुरू झालं, आणि पाडांगकडच्या टप्प्यात भूसंपादन रखडलं. सह्या कोणाकोणाच्या घ्यायच्या, हा प्रश्न तिथे होताच.

1979 च्या कायद्यानं 'नगारी' ही जुनी गावपंचायत मोडून देशभर एकसारखी गावं करायचं ठरवलं. 2000 नंतर पश्चिम सुमात्रानं नगारी परत आणली. पण पंचायत परत आली तरी माणसं परत येतातच असं नाही. पूर्वी मुलगे गाव सोडत, आता मुलीही जकार्ताला शिकतात आणि तिथेच नोकरी करतात. मोठी घरं कुलूपबंद पडतात, खाचरं अर्धलीनं कसायला दिली जातात. त्यात मारापी. डिसेंबर 2023 मध्ये त्याच्या उद्रेकात गिर्यारोहक मेले, आणि मे 2024 मध्ये पावसानं डोंगरावरची राख आणि दगड खाली आणले. आगाम, तानाह दातार आणि आसपासच्या जिल्ह्यांत मिळून साठहून अधिक माणसं गेली, खाचरांवर चिखल आणि धोंडे बसले. ती साफ करायला गावात हात हवेत. त्या जमिनी ज्यांच्या, त्यांतल्या बऱ्याच बायका आज शहरात आहेत, आणि धोंडे उचलायला गावात कोणी राहिलंच असेल तर तो नवरा, ज्याच्या नावावर तिथलं एक खाचरही नाही.