५१७ आणि ५१५

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॅल्क्युलसची पुस्तकं दोन जागी असत. जुनी ५१७ वर, नवी ५१५ वर, आणि मधल्या ५१६ वर भूमिती. एफ.वाय.चा मुलगा जुलैत बिचकत यायचा, हाताला लागेल तो खण बघायचा, त्यातली सात-आठ पुस्तकं चाळायचा आणि ‘काही नाहीये’ म्हणत निघून जायचा. त्याला हवं असलेलं पुस्तक चार हातांवर असे.

याचं मूळ १९७१ सालात आहे. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाची अठरावी आवृत्ती त्या वर्षी निघाली आणि तिच्यात गणिताचा सगळा विभाग नव्यानं मांडला गेला. कॅल्क्युलस ५१७ वरून ५१५ वर आलं. नव्या खरेदीवर नवे आकडे पडू लागले, पण आधीच्या पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या, कपाटातली तालिका-कार्डं, दाखल नोंदवहीतले आकडे कुणी बदलायचे? आमच्याकडे कुणीच बदलले नाहीत. १९८१ मध्ये मी सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि दिवाळीच्या दोन सुट्ट्या खर्ची घालून ते काम केलं. खळ, कात्री, काळी शाई आणि धुळीनं आलेला खोकला, एवढंच त्याचं साहित्य.

त्या कामात ५१७ च्या मागच्या रांगेत हार्डी सापडला. ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’. पहिल्याच पानावर लाल शिक्का: ‘संदर्भ – बाहेर देऊ नये’. मागच्या खिशातलं कार्ड कोरं होतं. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याचं नाव त्यावर चढलं नव्हतं. मी उभ्याउभ्या प्रस्तावना वाचली. हार्डीनं हे पुस्तक १९०८ साली काढलं ते विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. हुशार मुलांसाठी, हे खरं, पण पहिल्याच वर्षाच्या. तसं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आणि आम्ही ते पहिल्या वर्षाच्या मुलांपासूनच कुलपात ठेवलं होतं.

मला ते लागलं, कारण सात वर्षांपूर्वी काउंटरच्या पलीकडे मीच उभी होते.

१९७४ मध्ये मी चाळीसगावहून पुण्याला बी.एस्सी.ला आले. अकरावीपर्यंत सगळं गणित मराठीत. पहिल्या तासाला सरांनी चार नावं सांगितली. ‘शांतिनारायण विकत घ्या, बाकीचे लायब्ररीत बघा.’ बाकीचे म्हणजे कोण, ते मी कानाला ऐकू आलं तसं वहीत उतरवून घेतलं. ग्रंथालयात तेव्हा कपाटांपर्यंत जायची मुभा नव्हती. तालिकेतून क्रमांक काढायचा, मागणीची चिठ्ठी भरायची, खिडकीत द्यायची आणि थांबायचं. कार्डं लेखकाच्या आडनावानं लावलेली असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी ‘कॅल्क्युलस’ या शब्दाखाली ‘सी’च्या खणात शोधत बसले. तिसऱ्या दिवशी क्रमांक मिळाला. खिडकीतून उत्तर आलं, ‘हे रेफरन्स आहे, फर्स्ट इयरला मिळत नाही.’ वसतिगृहात येऊन मी रडले होते, हे आज लिहायला मला लाज वाटत नाही.

शांतिनारायण मात्र मिळाला. अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, पुठ्ठा निसटलेला. आतल्या पानांवर तीन वेगवेगळ्या हातांची पेन्सिल होती. कुणी उत्तर चुकीचं म्हणून खोडलं होतं, दुसऱ्यानं ‘बरोबर आहे, चिन्ह बघ’ असं शेजारी लिहिलं होतं. दिल्लीच्या हंसराज कॉलेजातल्या या प्राध्यापकाचं ‘डिफरेन्शियल कॅल्क्युलस’ १९४२ साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि पुढच्या तीन पिढ्यांची मुलं त्यावर शिकली. सोडवलेली उदाहरणं भरपूर, गणितापुढे ते कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या परीक्षेत आलं होतं त्याचा कंसात उल्लेख. मुलांना त्या कंसाचा केवढा आधार वाटायचा! पण त्याच कंसानं ‘पाठ्यपुस्तक’ आणि ‘संदर्भग्रंथ’ यांच्यातली भिंत उंच केली, असं मला वाटतं. परीक्षेचं ते घरी, समजण्याचं ते कुलपात.

त्याआधीच्या पिढ्यांना ही सोयही नव्हती. त्यांच्या हाती विलायतेतून आलेली पुस्तकं असत: हॉल आणि नाइट यांचं १८८७ चं ‘हायर अल्जिब्रा’, लोनीची १८९३ ची त्रिकोणमिती. टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन १८७७ मध्ये बी.ए. झाले, तेव्हा ही दोन्हीही निघाली नव्हती. त्यांचा आधार होते केरूनाना छत्रे. पुस्तक दुर्मीळ असलं की शिक्षकच पुस्तक होतो, आणि केरूनाना तसे होते. पुढे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य. हार्डी केंब्रिजला त्यांच्याच काळातला. परीक्षेसाठी घोकून घेण्याच्या तिथल्या पद्धतीवर त्याचा राग होता, आणि रँग्लरांना क्रमांक देणं १९०९ नंतर बंद झालं. मराठी घरांत मात्र ‘रँग्लर’ हा शब्द अजून आदरानं घेतला जातो.

या सगळ्याच्या मागे एक पुस्तक आहे, त्याच्यावर माझा विशेष जीव आहे. बाळशास्त्री जांभेकरांना आपण ‘दर्पण’साठी ओळखतो. पण एल्फिन्स्टनमध्ये शिकवणाऱ्या या माणसानं डिफरेन्शियल कॅल्क्युलसवर मराठीत ‘शून्यलब्धि’ लिहिलं. आज आपण ‘अवकलन’ म्हणतो. ‘शून्यलब्धि’ म्हणजे वाढ शून्याकडे नेता नेता जे हाती लागतं ते, असा मी त्या शब्दाचा अर्थ लावते, आणि सीमेची कल्पना इतकी नेमकी पकडणारा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही. बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, पस्तिशीही गाठली नव्हती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं, वरचं शिक्षण इंग्रजीत गेलं, आणि या पुस्तकाला वर्गच उरला नाही. चाळीसगावच्या मुलीला १९७४ मध्ये ‘लिमिट’ कळायला दोन महिने लागले. तिच्या भाषेत ते सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून झालं होतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आणखी एक वाट होती, सोव्हिएत पुस्तकांची. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचा पिस्कुनोव्ह, देमिदोविचचा गणितसंग्रह, कापडी बांधणी, आणि किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल इतकी. प्रदर्शन लागलं की आम्ही मैत्रिणी पैसे गोळा करून एकेक प्रत घ्यायचो आणि आठवड्यानं अदलाबदल करायचो. ब्रिटिश सरकारच्या मदतीनं निघणाऱ्या स्वस्त ईएलबीएस आवृत्त्याही असत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो ओघ आटला. पुढे झेरॉक्सचं युग आलं. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

ग्रंथपाल झाल्यावर मला रंगनाथन भेटले, म्हणजे त्यांची पुस्तकं. हा माणूस मुळात गणिताचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होता, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. त्याच्या द्विबिंदू वर्गीकरणात गणिताला ‘बी’ हे अक्षर आहे. १९३१ मध्ये त्यानं ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पहिला, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. वर्गात चाचपडणारं पोर ज्यानं पाहिलं आहे, त्यालाच हे इतक्या साध्या शब्दांत सुचू शकतं. मी प्राचार्यांना अर्ज केला, नियम जोडले, हार्डीची प्रस्तावना जोडली. दीड वर्षानं परवानगी आली आणि मी त्या लाल शिक्क्यावर काट मारली. २०१५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा हार्डीच्या कार्डावर एकोणीस नावं होती. एकोणीस फार नाहीत. पण त्यातली अकरा एफ.वाय.ची होती.

माझ्या गावापासून अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत, पाटणादेवी आहे. शाळेची सहल तिथेच जायची. तिथला शिलालेख शके ११२८ चा, भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला दान दिलं, असं त्या लेखात आहे. बहुतेक लेख संस्कृतात आहे, पण मठाला काय काय मिळायचं तो हिशेब जुन्या मराठीत कोरला आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला गिऱ्हाइकाकडून जो वाटा मिळे, तो मठाला दिला. घाण्यावरच्या तेलातला हिस्साही दिला. ते तेल मुलांच्या दिव्यात जळत असावं, असं मी मनाशी धरलं आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शब्दांमध्ये गणिताचं पुस्तक कुणाला तरी शिकता यावं म्हणून केलेली ही तजवीज आहे.

तालुक्याच्या कॉलेजांतल्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे. या जुलैत नवी मुलं यायच्या आत गणिताचं कपाट उघडा, ‘संदर्भ’ शिक्का असलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना वाचा, आणि जे पहिल्या वर्षासाठी लिहिलं आहे त्याची एक प्रत तरी घरी न्यायला द्या.