कुवैतच्या टीचर

वसईच्या भुईगावात परदेशाचा इतिहास ऐकायचा असेल तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर रस्त्याने चालावं. तो साल सांगत नाही, घरं दाखवतो. हे बोटीवाल्याचं, हे बहरीनचं, वरचा मजला सौदीचा, त्या पायऱ्यांची फरशी दुबईची. कौलं कधी उतरली, स्लॅब कधी पडला, विहिरीवरचा रहाट जाऊन पंप कधी बसला, यावरून कोण कधी गेलं आणि कधी परतलं याचा हिशेब लागतो. माझ्या मावशीच्या घरासमोर आला की तो म्हणतो, "हे कुवैतचं. नवरा वर्कशॉपात होता." आणि पुढे चालू लागतो.

मावशीने त्याच कुवैतमध्ये उमेदीची सगळी वर्षं बालवर्गाला शिकवलं, हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. विचारलं तर सांगतो, "हो, पोरं सांभाळायची तिकडे." वेल्डिंग हे काम, टायपिंग हे काम, नर्सिंग तर मोठंच काम. तीन वर्षांची पस्तीस मुलं सकाळी सातपासून शांत, स्वच्छ आणि आनंदात ठेवणं हे मात्र बाईमाणसाला येतंच, त्यात काय सांगायचं? आमच्या गावाला आपल्या कर्तबगार माणसांची आठवण नाही असंही नाही. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे भुईगावचे, 1945 सालचे. त्यांनी तुकोबांवर प्रबंध लिहिला, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मावशी त्यांच्याच वयाची. तिच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून थोरल्या मावशीकडून आणि काकांकडून, म्हणजे तिच्या नवऱ्याकडून, ऐकलेलं आणि थोडं तिच्याकडून काढून घेतलेलं इथे मांडतो. तिच्याकडून काढून घ्यावं लागतं. आपल्या कामाबद्दल ती फारसं बोलत नाही.

थोरल्या मावशीची गोष्ट पहाटेच्या लोकलपासून सुरू होते. आजी वाडीतला चाफा, मोगरा आणि खायची पानं घेऊन दादरला जायची. भुईगावातून वसई रोड स्टेशनापर्यंत टांगा, पुढे लोकलचा मालडबा. साठीच्या दशकात धाकटीला दादरला बालशिक्षणाच्या वर्गात घातलं तेव्हा तिने वेगळ्या डब्यातून जावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पाट्या, टोपल्या आणि ओल्या फडक्यात बांधलेले गजरे यांच्यात वही मांडीवर धरून ती बसायची. दादरला उतरलं की आजी पश्चिमेला फुलबाजारात, ही पूर्वेला हिंदू कॉलनीत. संध्याकाळी दोघी त्याच डब्यातून परत. "आई रिकामी टोपली घेऊन यायची आणि ही भरलेली वही," थोरली सांगते. आजीला लिहिता येत नव्हतं, पण वहीत चिकटवलेली पानं-फुलं ती बघायची आणि कुठलं पान चुकीचं सुकवलंय ते दाखवायची.

हिंदू कॉलनीच का, याला मोठा इतिहास आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून मुंबईला आल्या आणि हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार उभं केलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला होताच. मारिया माँटेसरी स्वतः 1939 मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकून पडल्या. त्यांच्या पद्धतीची साधनं देखणी, पण महाग. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर गेला. वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. मुलं गुरांमागे जातात, तर कुरणातच वर्ग भरवायचा. साधनं म्हणाल तर बिया, पानं, खडे, शिंपले. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची कल्पना या टेकडीवर रुजली. बोर्डी आणि कोसबाड डहाणू तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. भुईगावात मात्र आजही विचारा, कोसबाड चिकूंसाठी माहीत असतं.

मावशीने ताराबाईंना पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे शिकलेल्या बायांकडे ती शिकली. त्या वर्गात तिला आणखी एक नाव पहिल्यांदा कळलं, पंडिता रमाबाईंचं. आपल्या चर्चमध्ये ते कधी कसं ऐकलं नाही, याचं तिला नवल वाटलं. तर घरातल्या कोणीतरी सांगितलं की त्या प्रॉटेस्टंट होत्या. एवढ्यावर विषय मिटला. पण परदेश आणि बालवाडी यांची मराठी गाठ पहिल्यांदा मारली ती रमाबाईंनी. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे फ्रोबेलच्या किंडरगार्टनची पद्धत शिकल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं तेव्हा ती विद्या त्यांच्या पदरात होती. समुद्रापलीकडून शिकून इकडे येणं हा रमाबाईंचा प्रवास. इकडे शिकून समुद्रापलीकडे जाणं हा आमच्या मावशीचा.

मध्ये दहाएक वर्षं तिने गावातच बालवाडी चालवली. एका पडवीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. पगार म्हणावा असा नव्हता. मिळायचं ते इतकं कमी की आजी ते घरखर्चात धरायचीच नाही. हंगामात एका आठवड्याच्या मोगऱ्याचे त्याहून जास्त येतात, असं ती म्हणायची आणि ते खरंच असावं.

लग्नानंतर कुवैत. गावातल्या जुन्या माणसांना ते नाव परकं नव्हतं. 1961 पर्यंत तिकडे आपलाच रुपया चालायचा, हे आजोबा असं सांगत की जणू रुपया त्यांनीच पाठवला होता. मग दिनार आला, तेलाचा पैसा आला आणि सत्तरच्या दशकात वसईच्या घराघरातून कोणी ना कोणी आखातात गेलं. निघायच्या आदल्या रात्री आजीने काय काय केलं याची यादी थोरलीला तोंडपाठ आहे: जपमाळ, नोव्हेना, चर्चमध्ये मेणबत्ती आणि शिवाय ओटीत नारळ, कारण धर्म बदलून साडेचारशे वर्षं झाली तरी नारळ सुटलेला नाही.

इथे मला भुईगावचा दगड आठवतो. 1956 मध्ये आमच्या किनाऱ्याजवळ अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. सोपारा बंदर शेजारीच, तेव्हा नवल नाही. त्या नवव्या लेखात सम्राट काय म्हणतो? आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, आणि बायका तर फारच. त्यातून फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं. आजीच्या नारळाबद्दल अशोकाचं मत काय झालं असतं ते उघड आहे. पण परदेशप्रवास आणि शिक्षकाचा मान या दोन्ही गोष्टी बोलणारा दगड नेमका आमच्या गावात निघावा, हे मला गंमतीचं वाटतं. दुसऱ्या गोष्टीचं आम्ही काय केलं ते वर आलंच आहे.

कुवैतमध्ये भारतीय मुलांच्या शाळा 1959 पासून आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या शिकलेल्या बायका तिथे सहज मिळत, त्यामुळे बालवर्गाचा पगार काही डोळे दिपवणारा नव्हता. नर्सपेक्षा कमीच. तरी रुपयांत मोजला की वसईच्या हेडमास्तरांपेक्षा जास्त, आणि दर महिन्याला सही करून मिळणारा. काका सांगतात, पहिल्या पगाराचं पाकीट तिने दोन दिवस उघडलंच नाही.

वर्गात मल्याळी, गोवेकर, बोहरी, पंजाबी, दोन-चार मराठी. मुलांना एकमेकांची भाषा कळत नाही, इंग्रजी कोणालाच येत नाही. निम्म्या मुलांच्या आया रात्रपाळी करून आलेल्या. मूल शाळेच्या दारात सोडलं की घरी जाऊन झोपणाऱ्या. त्या मुलांच्या रडण्यात एक वेगळा सूर असतो असं मावशी म्हणते. आई गेली म्हणून ती रडत नाहीत, रात्रभर नव्हती म्हणून रडतात. अशा मुलाला ती उचलून घ्यायची नाही. त्याच्या हातात काहीतरी जड द्यायची, पाण्याचा मग किंवा खड्यांची पिशवी, आणि "हे तिकडे ठेवून ये" म्हणायची. दोन्ही हात गुंतले की रडं आवरतं. हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. मालडब्यात आजी रडणाऱ्या पोरांच्या हातात पाटी द्यायची, ते तिने पाहिलं होतं.

दर दोन वर्षांनी रजेवरून परतताना ती पावडरच्या दुधाच्या डब्यात भुईगावचे शिंपले, गुंजा आणि चिंचोके भरून न्यायची. एकदा विमानतळावरच्या माणसाने डबा उपडा केला. शिंपले त्याने बोटाने चाळले आणि परत भरले. चिंचोक्यांपाशी अडला. हे काय, कशाचं बी, खातात का, पेरतात का? मावशीने त्याच्यासमोर दहा चिंचोके मांडून मोजून दाखवले, तीन बाजूला काढले, सात उरले. तो हसला, आणि तरीही ते फेकून दिले. शिंपले तेवढे पोचले.

वाळूची अडचण वेगळीच निघाली. बालवाडीत ती मुलांकडून वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घ्यायची. आमच्या किनाऱ्याची वाळू काळसर, दमट. बोट फिरवलं की रेघ उमटून राहते. कुवैतला वाळूला तोटा नाही, पण ती पिठासारखी. बोट उचललं की कडा ढासळतात, आणि एसीच्या वाऱ्याने उरलंसुरलं पुसतं. मग ट्रेमध्ये आधी पाण्याचा हबका मारायचा, वर फडकं दाबायचं, थोडं थांबायचं. हे ठाकठीक जमायला तिला एक सत्र लागलं. पालकांना मात्र वाळू नको होती, गृहपाठ हवा होता. साडेतीन वर्षांच्या मुलाने एबीसी लिहून दाखवावी. मावशी नाताळपर्यंत पेन्सिल हातात द्यायची नाही. आधी बोटं तयार होऊ द्या, हे ती पस्तीस पालकांना दरवर्षी नव्याने सांगायची. यात ती जिंकली असं नाही. दरवर्षी थोडी माघार घ्यावी लागली, आणि ते ती कबूलही करते.

गावाला यातलं काहीच कळत नव्हतं. गावाला खटकायचा तो रविवार. कुवैतमध्ये सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा. "रविवारी मिस्सा टाकून ही शाळेत जाते?" आजीला वाटायचं की पोर बिघडली. शुक्रवारी होली फॅमिली कॅथेड्रलमध्ये उभं राहायला जागा नसते, हे पत्रातून कळवूनही तिची खात्री पटली नाही. शेवटी पॅरिशच्या फादरांनी समजूत घातली.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवैत गिळलं तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मावशी मुलांसह भुईगावात होती. काका तिकडे. त्या महिनाभराबद्दल ती दोघं वेगवेगळं सांगतात, आणि दोन्ही खरं असावं. ती रेडिओबद्दल बोलते. काका बसरा, बगदाद, अम्मान एवढंच सांगतात, मध्ये काय झालं ते नाही. एअर इंडियाने त्या दोन-तीन महिन्यांत अम्मानहून 488 उड्डाणांत 1 लाख 70 हजारांवर माणसं आणली. काका त्यातले एक. येताना त्यांच्या खिशात बंद फ्लॅटची किल्ली होती. मावशीच्या पर्समध्ये बालवर्गाच्या कपाटाची. घरात ठेवलेले थोडे दिनार मुंबईत कोणी हातात धरेना. भुईगावात त्या वर्षी कुवैतची घरं अर्धवट बांधलेली राहिली. वर निघालेल्या सळया कित्येक पावसाळे गंजत होत्या.

वसईतही तेव्हा वेगळं वारं होतं. सिडको, नवी विकास योजना, आटणाऱ्या आणि खाऱ्या होत चाललेल्या विहिरी, पाण्याचे टँकर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन पेटलेलं. मावशी एका मोर्चाला गेली आणि परत येऊन तिने पडवीत पुन्हा बालवाडी मांडली. मुलं आली. महिन्याचे पैसे विचारले तर एका आईने सरळ सांगितलं, "तुम्हाला काय कमी, तुम्ही कुवैतवाल्या." ती सभ्यपणे गप्प बसली, असं थोरली सांगते. "मी सभ्य नव्हते, मला राग आला होता," असं ती स्वतः सांगते.

युद्धानंतर शाळा उघडल्यावर दोघं परत गेली. कपाट जागेवर नव्हतंच. नव्या कपाटाला जुनी किल्ली लागणार नाही हे कळत असूनही तिने ती एकदा लावून पाहिली, असं काका चेष्टेने सांगतात. मावशी म्हणते, खोटं आहे.

आता ती ऐंशीच्या घरात आहे. मधल्या काळात गावात अंगणवाडी आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हापासून कोसबाडची कल्पना देशभर पसरली, पण चालवणाऱ्या बाईला वेतन न देता मानधन देण्याची रीत तशीच राहिली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे ठरायला एप्रिल 2022 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा मावशीने पेपर वाचून दाखवायला सांगितलं. मानधनाचा आकडा ऐकल्यावर तिने आमच्या पडवीतल्या बालवाडीचा हिशेब काढला, आणि मग म्हणाली, "माणसं परदेशात का जातात, असं विचारायला येऊ नका मग."

वसईचा इतिहास लिहिणारे किल्ला लिहितात, चिमाजी अप्पा लिहितात, चर्चच्या बांधणीची सालं लिहितात. ते लिहायलाच हवं. पण आखातात शिकवून आलेल्या शिक्षिका अजून कितीतरी घरांत आहेत. गिरीज, गास, नंदाखाल, निर्मळ, कुठेही विचारा. त्यांच्याकडे जुने वर्गफोटो आहेत, पगाराची पाकिटं आहेत, कोणत्या मुलाला काय येत नव्हतं ते आठवतं. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर या नाताळच्या सुट्टीत तिच्याजवळ बसा, मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या, आणि पगार किती होता हे विचारायला लाजू नका.