आंघोळ, वेणी आणि बाराखडी : भावनगर ते कोसबाड

हल्ली प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात ‘जीवनकौशल्ये’ नावाचा तास दिसतो. स्वतःची स्वच्छता, रागावर ताबा, दुसऱ्याचे ऐकून घेणे, मिळून काम करणे, अशा गोष्टी त्या तासाला शिकवतात. पालकसभेत हे नाव ऐकले की काहीतरी अगदी नवीन आल्यासारखे वाटते. वास्तविक आपल्या या भागात त्याची शंभर वर्षांची परंपरा आहे. गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून ती घडवली आहे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ती हकिकत माहीत असायला हवी.

सुरुवात सयाजीराव महाराजांपासूनच करावी लागते. १८९३ साली त्यांनी बडोदे संस्थानाच्या अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सबंध संस्थानाला लागू केला. मूल शाळेच्या दारापर्यंत आणण्याचे काम कायद्याने झाले. पण दाराच्या आत काय होते? पाठांतर, छडी आणि परीक्षा. त्या काळातल्या बहुतेक शाळांची हीच तऱ्हा होती.

तो आतला प्रश्न काठेवाडातच, भावनगरला, एका वकिलाने हाती घेतला. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते मारिया माँटेसरी यांच्या लिखाणाकडे वळले, वकिली सोडून १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. माँटेसरी पद्धतीत अक्षरांच्या आधी हाताला काम असते. पाणी न सांडता ओतणे, गुंड्या लावणे, केर काढणे, वस्तू जागेवर ठेवणे, ही कामे म्हणजे मुलाचा अभ्यासच. ज्याला स्वतःचे स्वतः करता येते त्याच्या मनातली भीती कमी होते, हे त्यामागचे सूत्र. शिक्षेला गिजुभाईंचा विरोध होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. बक्षिसांना आणि चढाओढीलाही त्यांचा तितकाच विरोध होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकात लक्ष्मीराम नावाचा मास्तर चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून तो गोष्टी सांगतो, खेळ घेतो, मुलांच्या वाढलेल्या नखांकडे आणि मळक्या कपड्यांकडे लक्ष देतो. बाकीचे शिक्षक त्याला हसतात. स्वच्छता हा काही अभ्यासाचा विषय आहे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होताच.

या कामात गिजुभाईंना साथ मिळाली ती ताराबाई मोडक यांची. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला लहान मुलांत बसायला गेल्या. त्यांनी गुजराती आत्मसात केली, गिजुभाईंबरोबर गुजराती ‘शिक्षण पत्रिका’ चालवली आणि पुढे तीच पत्रिका मराठीतही काढली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. परक्या प्रांतात जाऊन तिथली भाषा आपली करावी, आणि तिथे जे मिळाले ते आपल्या भाषेत आणावे, हे आपल्या पूर्वजांनी बडोद्यात केले. ताराबाईंनी ते बालशिक्षणात केले.

१९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. पण खरी कसोटी लागली ती १९४५ साली, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या अनुताई पुढची सारी वर्षे याच कामात राहिल्या. शहरातली माँटेसरीची महाग साधने इथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीत गेली, अंगणात भरली. तिचेच नाव अंगणवाडी. तिथे आधी हातपाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे, वेणी, आणि मग गाणी, गोष्टी, अक्षरे. कुणाला हे शाळेचे काम वाटले नसेल, पण खरूज झालेले, डोक्यात उवा झालेले मूल बाराखडीवर मन कसे लावणार?

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. तिथली अडचण वेगळीच होती. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायची, मुलगा गुरे राखायचा. शाळेला येणार कोण? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे भावंड जवळच राहील आणि ताईला शिकता येईल. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच शिकायचे. यातली दृष्टी महत्त्वाची आहे. मूल शाळेत येत नाही यात दोष मुलाचा नाही, शाळेने आपली रीत बदलली पाहिजे, असे त्यांनी कृतीने दाखवले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ साली, ताराबाई गेल्या होत्या.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या मुलांना ना गुरे राखायची आहेत ना भावंडे सांभाळायची. तरी सहावी-सातवीतल्या मुलाचा डबा, दप्तर, पाण्याची बाटली आई किंवा आजी भरते. जेवायला बसला की पाण्याचा पेला हातात, आणि ताट उचलायचे दुसऱ्या कुणी. मग आपणच फी भरून त्याला ‘आत्मविश्वासाच्या’ शिबिराला पाठवतो. कोसबाडच्या बालवाडीत जे फुकट मिळत होते, ते आपण घरातून काढून टाकले आणि बाहेरून विकत आणले.

गणेशोत्सवाइतकी चांगली शाळा दुसरी नाही. पण मंडपात मुलांच्या वाट्याला येतात त्या स्पर्धा : पाठांतर, चित्रकला, वेशभूषा. एकाला बक्षीस आणि बाकीच्यांचे चेहरे पडलेले. स्पर्धा बंद कराव्यात असे कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्या जोडीने या दहा दिवसांत मुलांवर खरी कामेही सोपवावीत. आरतीचे तबक त्यांनी लावावे, प्रसादाची पाने त्यांनी मोजावीत, निर्माल्य वेगळे करावे, वयस्कर मंडळींना खुर्ची आणून द्यावी, पंगतीत वाढावे. थोडी आमटी सांडेल, पाने कमी-जास्त होतील. ते चालवून घ्यावे. भावनगरच्या बालमंदिरात आणि बोर्डीच्या अंगणातही शिकणे असेच, सांडत-लवंडत झाले असणार.