चुना, सिमेंट आणि हवा

चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटते, अशी नोंद रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या शतकात करून ठेवली आहे. घटलेला भाग जातो कोठे, याचा उलगडा मात्र स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक याने 1756 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी झाला. तो एक वायू होता. ज्याला आज कार्बन डायॉक्साइड म्हणतात, तोच. शुद्ध चुनखडीच्या 100 भागांतून असा वायू 44 भाग सुटतो. त्याने पृथ्वीचे हवामान तापेल, ही शंका त्या काळी कोणाला येणार?

चुन्याची खुबी अशी की, भिंतीत बसल्यावर तो हवेतून हाच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. जुन्या गोव्याचे बॉम जेझूस चर्च (1605) चिऱ्यांचे आहे. चिरा खाणीतून कापून काढावा, उघड्या हवेत तो आपोआप कठीण होतो. त्याला भट्टी लागत नाही. सांध्यांना चुना. गोव्यात तो शिंपल्यांपासूनही भाजून काढीत. अर्थात भट्टीला जळण लागेच. तोडलेले रान पुन्हा वाढले, तरच तो हिशेब फिटतो. जुने ते सारे निष्पाप, असे मानण्याचे कारण नाही.

1824 साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात 1914 साली पोरबंदरला सिमेंट निघू लागले. चुन्याला सुमारे 900 अंश उष्णता पुरते, आजच्या सिमेंटला 1450 अंशांच्या आसपास लागते; म्हणजे दगडातला वायू सुटतोच, शिवाय कोळशाचाही. काँक्रीटही तो थोडा परत घेते, पण पृष्ठभागाकडून आत, वर्षानुवर्षे, आणि पुरता कधीच नाही.

वजनी तुलना मात्र फसवी असते. दगडी कोळशावर काढलेल्या एक टन पोलादामागे सुमारे 2 टन वायू सुटतो, सिमेंटमागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक. पण पोलादाची हलकी तुळई जो भार पेलते, त्याला काँक्रीट कितीतरी जड लागते. लाकडाचे गणित तर उलटे आहे. कोरड्या लाकडाचे निम्मे वजन झाडाने हवेतून घेतलेल्या कर्बाचे असते, आणि वासा कुजेपर्यंत वा जळेपर्यंत ते घरातच अडकून राहते.

सिमेंटचा खरा दोष त्याच्या राशीत आहे. जगात दरवर्षी सुमारे 400 कोटी टन सिमेंट तयार होते आणि माणसाने सोडलेल्या कर्बवायूपैकी 7 ते 8 टक्के त्यातून येतो. गोव्यात व कोकणात चिऱ्याची घरे आजही उभी राहतात. चिरा तोच, पण सांधा सिमेंटचा आणि माथ्यावर स्लॅब.